चित्रपट वाचणारा माणूस

शुक्रवारी रात्री मी सिनेमा बघते तो स्वयंपाकघरात,
फ्रिजवरचा छोटा टीव्ही, पाय दुसऱ्या खुर्चीवर,
ग्लासात लिंबाचा चहा.
बाहेरच्या खोलीतला मोठा पडदा नातवानं आणून दिलाय,
त्यात माणसांच्या नाकातले केससुद्धा मोजता येतात.
मला नाही मोजायचे.

माझी मतं ठाम आहेत, आधीच सांगते.
दोन तासांच्या वर गेलेला सिनेमा म्हणजे
ओव्हरकोट चढवून दारात बोलत राहिलेला पाहुणा.
घोडा मेला की मी उठते. माणसं मेली तर बसते.
आणि सिनेमात कुणी ताट संपवत नाही.
ऑम्लेट येतं, फोन वाजतो, निघाले!
ते ऑम्लेट मग कोण खातं?
एकतीस वर्षं मी शाळेच्या खाणावळीत वाढलं,
मला हे बघवत नाही.

आमच्या पोलंडात परदेशी सिनेमा टीव्हीवर लागला
की एक माणूस तो वाचतो.
एकच.
नायक तोच, नायिकाही तोच,
पाच वर्षांची पोर तोच, तिला पळवणारा तोच.
मूळचे आवाज खाली कुजबुजत राहतात
भिंतीपलीकडच्या भांडणासारखे,
आणि वरून हा, गाड्यांचं वेळापत्रक वाचावं तसा :
तुझ्याशिवाय मी जगू शकत नाही. खाली वाक. बंदूक टाक.

टिमेक म्हणतो, आजी, हा छळ आहे, खाली अक्षरं लाव.
अक्षरं वाचत बसले तर बटाटे कोण सोलणार?
शिवाय रडायचं कुठे ते माझं मला ठरवू दे.
वाचणाऱ्यानंच रडून घेतलं
तर माझ्या वाटणीला काय उरतं?

वाचणाऱ्यांत उत्तम म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचा लुडोमिर.
ग्लिवित्सेतल्या आमच्या ब्लॉकमध्ये हे सगळ्यांना ठाऊक,
तोंडावर कुणी बोलत नाही.
पण बेकरीत तो 'अर्धा पाव, काप करून' म्हणाला
की रांगेतल्या बायका चिडीचूप.
याच आवाजात गेल्या आठवड्यात कुणीतरी विष मागितलं होतं.
लिफ्टमध्ये एकदा मला म्हणाला, 'चौथा ना?'
मी, पासष्ट वर्षांची बाई,
पाचव्यावर उतरले.

मार्चमध्ये त्याच्या घशाचं ऑपरेशन झालं.
आता गळ्यात रुमाल, खिशात वही.
शुक्रवारी वर येतो, काकडीच्या लोणच्याची बरणी घेऊन,
(मीठ जास्त असतं, मी खाते)
आणि आम्ही नव्या मुलाचं वाचन ऐकतो.
नवा मुलगा अभिनय करतो.
बायकांची वाक्यं बारीक आवाजात.
लुडोमिर कपाळाला हात लावतो,
वहीत लिहितो : श्वास भलत्याच जागी घेतो.

परवा एक जुना लागला, दीपगृहाचा,
नुसतं बर्फ आणि एक दाढीवाला.
पहिल्या वाक्यालाच आवाज ओळखला मी.
रिमोट शोधू लागले, टेबलाखाली, वर्तमानपत्राखाली,
तर त्यानं हात केला : असू दे.

दाढीवाला बोटीत चढताना बायकोला सांगत होता,
मी परत येईन.
सपाट. जसं की, गाडी फलाट दोनवरून सुटेल.
लुडोमिरचे ओठ मिटलेले.
बोट तेवढं टेबलावर हलत होतं, हळू,
कुठे थांबायचं ते मोजत,
आणि जिथे ते थांबलं
तिथेच वरचा आवाज थांबला.
मी बटाट्याकडे बघत राहिले.

सिनेमा तसा टुकार.
शेवट ओढूनताणून, दिवा विझायला नि वादळ यायला एकच गाठ,
बायको तर मधूनच गायब.
मी तसं म्हणालेसुद्धा, गप्प बसवेना.
त्यानं वही ओढली :
टुकारच. पैसे मात्र वेळेवर दिले.

बरणी रिकामी करून, धुऊन परत दिली.
पुढच्या शुक्रवारी घोड्यांचा आहे.
सांगून ठेवलंय, मी मध्येच उठेन.
तुम्ही बसा.