नोव्हेंबर, वेल्समधलं एक तळं

गळकाठीच्या कड्यांत बर्फ धरलाय.
इडवल एकेक कडी ओठांत घेऊन वितळवतो.

नकली माशी त्यानं रात्री बांधली:
आकड्यावर करडी लव,
फ्लॉसच्या कानामागची.
(सप्टेंबरात पुरली तिला,
आधी कात्री चालवून.)

"ट्राउट आता तळाशी गेलेत," नेरिस म्हणते,
वल्हं न हलवता.
दोर हवेत उलगडतो, पाण्यावर टेकतो.
मग काही नाही.
बराच वेळ काही नाही.

मग ओढ.
थेट मनगटात,
फ्लॉस पट्ट्याला हिसका द्यायची तशी.

मासा धरण्याआधी इडवल
हात पाण्यात बुडवून गार करतो.
सोडल्यावरही तो
क्षणभर तळहातावरच थांबतो, तांबूस पोटाचा.

"केवढा होता?"
इडवल माशी नाकाशी नेतो.
भिजली की
अजून तिचाच वास येतो.