अकरा

नव्या पियानोचा सूर आधी ओरखडतो,
मग सूर होतो.
सुरुवातीचं ते टोक, राईएवढं.
दुकानदार म्हणाला, हीच तर क्वालिटी आहे मॅडम, एकदम क्लिअर.
पाटणकर बाजारात त्या दिवशी धुकं इतकं होतं
की टेम्पोवाल्यानं खोकं दोनदा भलत्याच गल्लीत नेलं.

नानांना पियानो नको होता असं नाही.
अठरा वर्षं बिर्लानगरच्या मिलमध्ये, विणाई खात्यात,
मागांच्या खडखडाटात उभे राहिले.
मिल बंद झाली तेव्हा कान तिथंच राहिले,
थकबाकीसारखे.
आता हळू बोललं तर ऐकू येत नाही,
जरा मोठ्यानं बोललं तर टोचतं.
माणसं ज्या पट्टीत बोलतात
ती त्यांच्याकडे बोटभर रुंद उरली आहे.

पाचला अन्वी तोमर येते. वय सहा, बोटं हातोड्या.
तिनं पहिली पट्टी दाबली की
आतल्या खोलीत नानांची बशी हिंदकळते,
चहा लेंग्यावर.
ते काही म्हणत नाहीत. लेंगा बदलून येतात.

रात्री मी हेडफोन लावून मेनूत उतरले.
सातव्या पानावर एक शब्द: अटॅक.
पुढे शून्य.
म्हणजे बोट टेकायच्या आत
दार लाथेनं उघडायचं.

आपल्याकडे सूर लावतात.
जसा दिवा लावतात,
खरचटल्यावर हळद लावतात,
भिंतीला कान लावतात.
हे यंत्राला कोण सांगणार, त्याला आकडे कळतात.
म्हणून आकड्यात सांगितलं: चाळीस.
वरचा किणकिणाटही थोडा छाटला,
बोटाच्या जोराची रेघ खाली वाकवली.
पियानो पेटीसारखा झाला,
आधी हवा, मग आवाज.

नानांना बोलावलं.
कानात यंत्र घालून ते दाराजवळ बसले,
चपला न काढता.
वाजवलं. दचकले नाहीत.
मी जिंकल्यासारखी वळले.
"सुरू झालं का?"

झालं होतं. संपतही आलं होतं.

"मग मला कळलं कसं नाही?
माग सुरू झाला की धोट्याचा पहिला खटका
कानाआधी पायाला कळायचा.
खटका चुकला की समजायचं, धागा तुटला.
इतकं मऊ नको गं, वैजू.
उंबरठा असू दे.
ठेच लागू नये, एवढंच बघ."

तीस केलं. बावीस.
सतराला लाइट गेली.
शेजारच्या भदौरियांचा इन्व्हर्टर टीं टीं करू लागला,
ना आरंभ, ना शेवट.
अंधारात नाना गजकाचा तुकडा शोधत राहिले,
डब्याचं झाकण पडलं, त्यांना ऐकू आलं नाही,
मला आलं.

लाइट आली तेव्हा यंत्र सगळं विसरलेलं.
मी न बघता पट्टी दाबली: शून्य!
नानांचा हात छातीकडे गेला.
"हा दुकानदाराचा," ते म्हणाले,
आणि कित्येक दिवसांनी हसले.

पुन्हा पहिल्यापासून.
चार. आठ. चौदावर मान हलवली, नाही.
अकरावर काहीच बोलले नाहीत.
खुर्ची जरा पुढे ओढली.
मग कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं
आणि पियानोच्या कडेवर तळहात ठेवला,
ताणा तपासायचे तसा,
बोटं पसरून.
"पुन्हा."

मी तोच एक षड्ज लावत राहिले,
खालचा, जाड.
किती वेळा ते मोजलं नाही.

या वेळी आधी साठवून ठेवलं.
नाव द्यायला आठ अक्षरांची जागा, तीही इंग्रजीच.
धोटा असं लिहिलं, त्यात बसलं.
उद्या अन्वी विचारेल, दीदी, ये क्या है?
सांगायला मला हिंदीत शब्द सापडलेला नाही.
आणि तिच्या बोटांचं तर अजून काहीच केलेलं नाही.
नाना म्हणाले, उद्या चहा पाचच्या आधी नको,
पाचलाच दे.
कप मात्र अर्धाच भर.