निळीच्या रांजणाशी

आईच्या नावात तीन वेळा पाणी होतं.
म्याओ: एकाखाली दोन, अशी पाण्याची अक्षरं रचली
की ते नाव होतं. जन्मवेळ ऐकून आंधळा ज्योतिषी म्हणाला होता,
पोरीत पाणी कमी आहे, नावात घाला.
बाबांच्या नावात तशाच तीन ज्वाळा. येन.
मध्यस्थ बाई जीभ चावून म्हणाली,
पाणी विस्तवाला गिळतं,
हे लग्न जुळवायचं पाप माझ्या माथी नको.
जुळलंच शेवटी. नानतोंगच्या त्या गल्लीत
मनगटापर्यंत निळे हात असलेल्या रंगाऱ्याला
दुसरं कोण मुलगी देणार होतं?

मी त्यांची राख. म्हणजे माती.
विस्तवातून माती होते, असं आमच्याकडचं गणित;
माझं नाव याओ, मातीचे तीन ढीग.
शाळेत मास्तर फळ्यावर चक्र काढायचे:
पूर्व हिरवी, दक्षिण लाल, पश्चिम पांढरी, उत्तर काळी,
मध्ये पिवळी माती, तिच्यावर बसलेला सम्राट.
मी विचारलं, आमचा रांजण कुठे बसतो?
मास्तर म्हणाले, छिंगमध्ये. पूर्वेला.
छिंग म्हणजे गवत. छिंग म्हणजे आभाळ.
छिंग म्हणजे तरण्या बाईचे केससुद्धा.
एवढं सगळं एका शब्दात कोंबून
वर झाकण कोणी ठेवलं, ते त्यांना माहीत नव्हतं.

बाबा असल्या चक्रांना हसायचे.
मात्र दर बारा वर्षांनी त्यांचं वाघाचं साल आलं
की आईने विणलेले लाल मोजे निमूट चढवायचे,
छत्तिसाव्या वर्षी, साठाव्या, चौऱ्याऐंशीव्या.
निळे हात, लाल पाय.
नजर चुकवायला, म्हणायचे. कोणाची, ते नाही सांगितलं.

थंडीत रांजण मरतो.
नीळ जिवंत असते, तिला भाताची दारू लागते, चुना लागतो,
आणि ऊब. आई पहाटे उठून रांजणाभोवती
तूस पेटवायची, दिवसभर धुमसत ठेवायची.
पाण्याच्या बुडाशी विस्तव, साठ वर्षं.
मध्यस्थ बाईला हे कोणी कळवलं नाही.

छापाची रीत अशी:
तेल पाजलेल्या कागदाच्या जाळीतून
सोयाबीन नि चुन्याचं खळ कापडावर थापायचं,
बुडवायचं, वाळवायचं, सुरीने खरवडायचं.
खळ होतं तिथे पांढरं उरतं.
पांढरा लावावा लागत नाही;
तो निळ्याला दिलेला नकार असतो.
हे मला लहानपणापासून ठाऊक, तरी आई गेली तेव्हा
कपाळाला बांधायची पांढरी पट्टी हातात घेऊन
मी किती वेळ नुसती उभी.

एकोणनव्वदाव्या वर्षी गेली. गल्लीत वाद:
इतकं पिकलं पान, हे तर आनंदाचं मरण, लाल लावा.
थोरली आत्या म्हणाली, जनाची नाही, मनाची तरी? पांढरंच.
शेवटी पट्ट्या पांढऱ्या,
आणि पाहुण्यांना दिलेल्या वाट्यांना लाल दोरा.
जो तो एकेक वाटी घेऊन गेला,
आईच्या वयातला घोटभर वाटा.
कुंग काकांनी दोन घेतल्या.

सातव्या दिवशी बाबांनी तूस पेटवलं.
न विचारता माझ्या कपाळाची पट्टी सोडली
आणि रांजणात बुडवली.
ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजलं.
"आता बघ. पटकन."
बाहेर आली ती पिवळी. पिवळ्याची हिरवी,
अगदी भाताच्या कोंभाची; मग हवा लागली
आणि कडेकडेने निळी चढत गेली.
हिरव्या-निळ्याच्या मध्ये एक रंग होता,
फार तर पापणी दोनदा लवेपर्यंत टिकलेला.
त्याला हाक मारावी तसं
बाबांनी तोंड उघडलं. मिटलं.

पट्टी ठिबकत होती तोच
पलीकडची वेई बाई दारात.
उशीचे चार अभ्रे हवेत म्हणाली, मासे असलेले,
सुनेला दिवस गेलेत.
मग हळूच विचारलं, पोराच्या नावात काय घालावं.
बाबा हात पुसत म्हणाले,
आधी रडू तर दे त्याला.