ट्रंकेतला मोह

सात वर्षांनी एकदा सुट्टी मिळते मिशनच्या लोकांना,
वर्षभराची.
चिचखेडच्या दवाखान्यात ही बातमी
आयोडीनची बाटली फुटावी तशी पसरली:
वास सगळ्यांना आला, बोललं कुणी नाही.

हेडविगबाईंनी माळ्यावरून लोकरीचे कोट काढले,
घड्यांतला कडुनिंबाचा पाला झटकला.
ऑस्करच्या बाह्या कोपरापर्यंतच आल्या.
धाकट्या कारिनने मोजे हातात घातले
आणि मला विचारलं, "सालोमी, हे कायले असते वं?"
काय सांगू, पोरी, तुझ्या गावात
जमीनसुद्धा गार असते म्हणतात.

'तुझ्या गावात' म्हटलं आणि ती रडायलाच लागली.
"माह्यं गाव हेच होय नं."
मी गप्प राहून सुया उकळत बसले.

साहेब आरशासमोर भाषण पाठ करायचे.
तिकडच्या चर्चांत, चादर टांगून,
आमची चित्रं दाखवणार होते:
विहीर, रोग्यांची रांग, स्टोव्हजवळ मी.
त्यात माझं लुगडं फाटकं आहे.
म्हटलं, दुसरा फोटो काढा, सणाचं नेसून येते.
साहेब म्हणाले, फाटकंच बरं,
वर्गणी जास्त जमते.
मग स्वतःच ओशाळले
आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

बाईंचं वेगळं.
त्यांची आई दोन पावसाळ्यांमागं वारली.
पत्र पोचलं तेव्हा इथली ज्वारी कापून झाली होती.
"माहेरी चालल्या बाई, खूश राहा,"
पलीकडची भागिरथा बोलून गेली, नि जीभ चावली.
ओटी भरायला आली होती ती,
तांदूळ, हळकुंड, नारळ घेऊन.
आपलं ख्रिस्ती घर, मी मध्ये पडणार,
तोवर बाईंनी झग्याचा घेर पुढे धरला.
पदर नव्हता म्हणून काय झालं,
ओटी तर पोटाशीच असते.

रात्री ट्रंकेतून दारूचा वास.
साहेब कंदील घेऊन धावले,
दारूबंदीवर गावोगाव बोललेला माणूस.
कोटांच्या घड्यांत, बायबलच्या खाली
कारिनने कुडवभर मोहफुलं कोंबलेली, ओलीच.
"तिथं मोह नाई भेटत, तुमीच म्हणे नं, पप्पा."
साहेब पायरीवर बसून हसायला लागले,
हसता हसता चष्मा काढला,
तो बराच वेळ हातातच राहिला.
बाईंनी कोट झटकले,
पण सगळे नाही.
मी पाहिलं, एक मूठ त्यांनी राहू दिली.

ऑस्कर या कशात नव्हता.
तो आता तिकडेच शाळेला, मामाकडे.
परत यायचा नाही
हे त्याला ठाऊक, आम्हाला ठाऊक,
जेवणाच्या टेबलावर मात्र विषय निघाला नाही.
कवठाच्या झाडावर बसून तो
रेंगीच्या बैलांना नावानं हाका मारत राहिला.
बैल एकदा वर बघायचे, मग कडबा खायचे.

पहाटे दारव्ह्याची गाडी गाठायला रेंगी जुंपली.
साहेबांची मराठी पुस्तकातली. म्हणाले, "आम्ही जातो."
चार बाया एकदम ओरडल्या,
"जातो नाई म्हणू, साहेब!"
बाई म्हणाल्या, येतो.
कारिन वळणापर्यंत दहादा म्हणाली.
ऑस्करने ओठ उघडले
आणि तसेच मिटले.
खोटं बोलायचं नाही,
आम्हीच तर शिकवलं होतं त्याला.

आता किल्ल्या माझ्या कमरेला आहेत.
रविवारी घड्याळाला चावी द्यायची,
खुडूक कोंबडीखाली तेरा अंडी आहेत, मोजून.
आज एक बाई लेकरू घेऊन आली,
रिकामी खुर्ची बघून विचारते,
"साहेब घरी गेले काय?"

"नाही," म्हटलं, "बाहेरगावी,"
आणि लेकराची जीभ पाहायला खाली वाकले.