चोवीस तासांचा कॅन

सकाळची पहिली सोडून द्यायची.
मग दुसऱ्या सकाळपर्यंतची सगळी, थेंब न् थेंब,
या पाच लिटरच्या कॅनमध्ये.
असं तिनं दोनदा सांगितलं, एकदा कानडीत, एकदा मराठीत,
आणि झाकणावर नाव नाही, नंबर लिहिला.

चिठ्ठी कानडीत. मला ते अक्षर लागत नाही.
तिनं बोट ठेवून वाचून दाखवलं: मूत्रपिंड.
म्हटलं, हा तर आमचाच शब्द.
ती म्हणाली, आमचाही.

रक्तातला आकडा तसा चांगला आला होता,
शून्य पॉइंट नऊ. मी उठायलाच लागलो.
बसा काका, ती म्हणाली,
क्रिएटिनिन मांसातून येतं,
तुमच्या दंडावर मांस राहिलंय कुठं?
घरात माणूसच नसेल तर केर कुठून निघणार,
आणि केर नाही म्हणून
झाडणारी कामावर आहे असं कसं धरायचं?
अकरा वर्षं घेताय गोळी.
ती जगवते खरी,
पण जाते त्याच दारातून, चौकट घासत.

खोट्या वजनाचं मला सांगतेस, पोरी!
निपाणीच्या वखारीत आधी बोद वाहिले,
एका दमात जिना चढायचो तेव्हा,
पुढं पाठ गेली तसा काट्यावर बसलो.
रात्री ओल दिलेला तंबाखू सकाळी किती भरतो
हे मी हात न लावता, वासावरून सांगायचो.
आणि विडीच्या बायका रांगेत आल्या
की पारड्याच्या बुडाला मेण असायचं,
चिंचोक्याएवढं.
मालकानं लावलेलं.
काढायचं मात्र मी नाही काढलं.
हजार भरले नाहीत की त्या
पदरचा तंबाखू घालायच्या, आणि काही बोलायच्या नाहीत.

चिकोडीच्या गाडीत कॅन दोन पायांत धरून बसलो.
कंडक्टर वाकून म्हणाला, काकवी काय?
होय म्हटलं.
घरची?
घरचीच.
लगेज नाही लावलं त्यानं.
शेजारी इलाही बसला होता, माझ्याच वाराचा,
ट्रक सुटल्यापासून तो गाडीत झोपतो नुसता;
तो झोपेतच हसला.

आज तिनं कॅन हलवला,
उंच काचेच्या नळीत ओतला,
आणि टेबलावर ठेवून स्वतः खाली बसली, गुडघ्यावर,
डोळा पाण्याच्या रेषेला लावून.
वरून बघितलं तर जास्त दिसतं, म्हणाली,
कडेनं बघितलं तरी जास्तच.
बुडाचा बाक बघायचा.
असं माप मी उभ्या जन्मात घेतलं नाही.

अंगावरच्या बिल्ल्यावर आडनाव होतं: कोरवी.
निपाणीचे का, विचारलं.
आई विड्या वळायची, म्हणाली,
आता बोटं मिटत नाहीत तिची.
कोणत्या वखारीला, ते मी विचारलं नाही.
तिनं वहीत लिहिलं: चौदाशे वीस.
माझं वय विचारलं, वजन विचारलं,
पुरुष, या खान्यात खूण केली.
भागाकार करायला पेन टेकवलं.

थांब, म्हटलं.
यात कमी आहे.
काल दुपारी बाजारात होतो, कॅन घरी.
माणसांत कसा आणायचा? भिंतीकडं जाऊन आलो.
एकदाच. पण कमी आहे.

ती पेन धरून माझ्याकडं बघत राहिली.
मला वाटलं आता सगळंच तोंडातून येईल,
मेण, पारडं, रांग, तिची आई असेल किंवा नसेल.
आलं एवढंच:
माझ्या हातून माप कमी भरलंय.

बरं झालं सांगितलंत, म्हणाली.
चौदाशे वीसवर एकच आडवी रेघ मारली, खाली सही केली.
नळी विसळली.
दुसरा कॅन काढला, कोरडा, त्यावर तोच नंबर घातला.

उद्या सकाळची पहिली सोडून द्या, काका.
तिथनं पुढं मोजू.