इतर विषय

गुरुवारची सभा अकराला.
इतिवृत्त मी लिहिते. निवडून आलेय,
एकवीस विरुद्ध सोळा,
आणि दोघं तेव्हा कडुलिंबावर होते.
झाडावरून हात वर केला तरी मोजतो आम्ही.
त्यांनी केला नाही.

शाळा म्हणजे गोधनी रोडवरचं जुनं सरकीचं गोदाम.
एप्रिलात पत्र्याखाली मेंदू उकडतो,
कूलर एकच,
आणि त्याचं तोंड कुणीकडे
यावर तीन सभा झाल्यात.
आत्या म्हणते, घंटा नाही, परीक्षा नाही,
मग करता काय बाप्पा दिवसभर?
भांडतो, मी म्हणते. नियमानुसार.

त्या गुरुवारी मुद्दे सात.
पंक्चरचा निधी.
निळ्या खोलीत दुपारी झोपण्याचा हक्क.
विनायकदादांनी, म्हणजे ज्यांनी शाळा काढली त्यांनी,
दार न वाजवता आत यावं का?
नाही. चौतीस विरुद्ध चार.
चारांत एक त्यांचा. मग बराच वेळ
चष्मा पुसत बसले.

शेवटी सुजात काहीतरी बोलला.
सुजात गजभिये, वय नऊ.
वाचायला शिकलेला नाही,
कारण अजून त्याला शिकायचं नाही.
तेही चालतं इथं.
बारा वाजत आलेले, फोडणीचा ठसका
थेट सभेत घुसलेला,
मी लिहिलं: इतर विषयांवर चर्चा झाली.
वही मिटली.

सोमवारी न्याय समितीच्या डब्यात चिठ्ठी.
अक्षर दुसऱ्याचं, खाली अंगठा त्याचा,
स्केचपेननं जांभळा केलेला.
तक्रार साजिरीवर.
म्हणजे माझ्यावर.

चटईवर पाच जण. मी सोळा वर्षांची,
त्याच्या जवळजवळ दुप्पट,
आणि समोर तो, गुडघ्याची खपली कुरतडत.
"यानं वही वाचून दाखवली मले.
त्याच्यात मी नवतो.
मी इतर नोहो."

मी म्हटलं, वेळ झाली होती.
मी म्हटलं, सगळंच कसं लिहिणार?
आणि आवाज ओळखीचा वाटला.
सातवीपर्यंत ज्या शाळेत होते
तिथल्या पर्यवेक्षिकाबाईंचा, हुबेहूब.
तिथं एकदा माझा हात
पाऊण तास वर होता.
पाणी प्यायला जायचं होतं, बस.

समितीनं विचारलं, तू बोललास तरी काय?

"फुलवंताताईलेबी मत हाये नं?
भिंतीवर लिवलं हाये म्हन्तात सारे.
मंग सभा अकराले कायले?
अकराले ते पोया लाटते."

कूलरचा पंप तेवढा घरघरत राहिला.

रात्री मी जुन्या वह्या काढल्या,
माझ्या आधीच्याही.
पाच वर्षांचे गुरुवार,
पानापानावर उपस्थितांची नावं
सुबक अक्षरात.
उईके कुठंच नाही.
सूचना मात्र होती एका ठिकाणी:
भाजीत मीठ जास्त, संबंधितांना कळवावे.

शिक्षा मिळाली. वही मिटण्याआधी
सगळं मोठ्यानं वाचायचं, महिनाभर.
सभा अडीचला सरकली.

फुलवंताताई आली ती दाराशीच बसली,
पदरानं हात पुसत.
आत ये म्हटलं तर म्हणाली,
इथं हवा येते.
मुद्दा सुजातचाच होता:
निधीतून आठवड्याला दोनदा बर्फगोळा.
बाजूनं हात भराभर वर गेले.
विरोधात?
मनगटाला कणीक चिकटलेला
एक हात, कोपरापर्यंत सरळ.
"खोकलत राह्यते पोट्टे. पैसे कूलरच्या टाटीले ठेवा."
तिच्याकडे पाहून तीन हात खाली आले,
मग आणखी पाच.
ठराव पडला. दोन मतांनी.

मी लिहिलं आणि वाचलं:
फुलवंता उईके, विरोधात.
सुजातनं तिच्याकडे पाहिलं,
मग माझ्याकडे, डोळे लाल करून.
"लिव," म्हणाला,
"मी नाराज हाये."

लिहिलं.