अकरा दिवसांची रेघ

दर अकरा दिवसांनी तो वरून जातो.
डोळा नाही त्याला. साद घालतो,
आणि पडसाद मोजून पुढे सरकतो.

केबिलीच्या खोलीत, पंखा बंद,
मी दोन तारखा एकावर एक ठेवते.
मीठ होतं तसंच असेल तर पांढरं,
फुगलं, भिजलं, हललं असेल तर काळं.
सरीनंतर अख्खा शॉट एल जेरिद काळा.
इलाज नाही. पुन्हा अकरा दिवस.

पण ही रेघ?
उत्तरेकडून निघते, नखाच्या ओरखड्याएवढी,
मधेच वाकडी होते आणि संपते
जिथे काहीच नाही तिथे.
तीन जोड्या लावल्या, तिन्हींत तीच.
वहीत लिहिलं: बहुधा भेग.

लझहरने चहाचा पेला पडद्यापासून लांब धरला.
"भेग कसली! ही झाझिया.
गुरुवारी गाढव घेऊन जाते मिठाला.
इथे वळते, कारण खालच्या चिखलाने
तिच्या भावाची गाडी गिळली.
आणि इथे,"
काचेवर त्याच्या बोटाचा ठसा उमटला,
"इथे बसते जरा."

पाचशे किलोमीटरवरून
बाई दिसत नाही, गाढव दिसत नाही.
दिसतं एवढंच, की जमिनीला
मागच्या वेळची स्वतः जुळत नाही.

'भेग' खोडलं.
पुढे काय लिहावं सुचेना, रकाना लहान.
ताज्या जोडीत रेघ फिकी होती,
वळणापाशीच थांबलेली.

विचारलं तर लझहर म्हणाला,
"गुडघे दुखतात तिचे,"
आणि पेला विसळायला गेला.